स्वस्त टेलिफोटो झूम लेन्स निवडताना: आधी अंतर मोजा, मग मिलिमीटर बघा

नवा कॅमेरा घेतलेल्यांची दुसरी खरेदी बहुधा टेलिफोटो झूमची, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणाऱ्या लेन्सची असते, आणि चुकते तीही हीच. कारण जवळपास नेहमी एकच असतं, ते म्हणजे निवडीचा क्रम उलटा होतो. आधी किंमत बघितली जाते, मग डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा. घरी आल्यावर कळतं की ऑटोफोकस चालतच नाही, किंवा हातात धरून काढलेला प्रत्येक फोटो हललेला आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे नीट झाले की दुकानदार काय म्हणतो याची चिंता उरत नाही.

हे मार्गदर्शन एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या, किट लेन्ससह (बॉडीबरोबर येणाऱ्या साध्या लेन्ससह) विकल्या जाणाऱ्या किंवा आधी विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांसाठी आहे: कॅनन १५००डी, ३०००डी, २००डी, आर५०, आर१००; निकॉन डी३५००, डी५६००, झेड५०, झेड३०; सोनी ए६४००, झेडव्ही-ई१० आणि त्यांचे जवळचे भाऊबंद.

## तयारी: पैसे काढण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहा. बॉडीचं (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं) पूर्ण मॉडेल नाव (नुसतं ‘निकॉनचा डीएसएलआर’ पुरत नाही), आत्ता असलेली लेन्स, खर्चाची कमाल मर्यादा आणि तुम्हाला नक्की कशाचे फोटो काढायचे आहेत ते. चौथं उत्तर ‘सगळ्याचे’ असेल तर अजून थांबा.

मग कॉम्प्युटरवर किंवा फोनवर तुमचे जुने फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ (मिमीमधला आकडा; तो मोठा तितकं दृश्य जवळ येतं) बघा. १८-५५ मिमीची किट लेन्स असेल आणि निम्म्याहून जास्त फोटो ५५ वरच अडकलेले दिसले, तर टेलिफोटोची गरज खरी आहे. बहुतेक फोटो १८ ते ३५ च्या दरम्यान असतील, तर तुमचे पैसे दुसऱ्या लेन्सवर जायला हवेत. ही तपासणी फुकट आहे आणि चुकीची खरेदी इथेच थांबू शकते.

खर्चाच्या मर्यादेतून हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं), हवाबंद डबा, सिलिका जेल आणि लेन्स मावेल अशी बॅग यांचे पैसे आधीच वजा करा. कॅननच्या स्वस्त लेन्सबरोबर हूड सहसा मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

## टप्पा १: विषय किती मोठा आणि किती लांब?

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण हाच गाळतात. ‘३०० मिमीने किती लांबचं दिसेल?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. चंद्रही दिसतो. योग्य प्रश्न असा: तेवढ्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदीचा भाग मावेल, आणि त्यात माझा विषय किती जागा व्यापेल?

यासाठी साधा भागाकार पुरतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३ मिमी रुंद असतो (कॅननचा २२.३, निकॉन-सोनीचा सुमारे २३.५). अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि फोकल लेंथने भागा, की फ्रेमची रुंदी मिळते. तोंडी हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा:

- ५५ मिमी: अंतर भागिले अडीच
- २५० मिमी: अंतर भागिले ११
- ३०० मिमी: अंतर भागिले १३
- ४०० मिमी: अंतर भागिले १७
- ६०० मिमी: अंतर भागिले २६

आता प्रत्यक्ष उदाहरणं घेऊ.

भिगवणला उजनी धरणाच्या जलाशयात नावेतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघताय. नाव ३० मीटरवर थांबली आहे. २५० मिमीला फ्रेम पावणेतीन मीटर रुंद आणि सुमारे १.८ मीटर उंच. उभा मोठा रोहित सव्वा मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तो फ्रेमची दोनतृतीयांश उंची भरतो. २५० उत्तम पुरते.

ताडोब्यात जिप्सीपासून ४० मीटरवर वाघ आडवा चालतोय. २५० मिमीला फ्रेम साधारण साडेतीन मीटर रुंद. शेपटीसह अडीच-तीन मीटरचा वाघ जवळजवळ पूर्ण फ्रेम भरतो. इथेही स्वस्त झूम चालते. त्याच रस्त्यावरचा नीलपंख २५ मीटरवरच्या फांदीवर असेल, तर मात्र फ्रेम सव्वादोन मीटरची आणि पक्षी जेमतेम तीस-पस्तीस सेंटिमीटरचा.

मैदानाच्या सीमेवरून मुलाची फलंदाजी टिपायची आहे, अंतर ६० मीटर. २५० मिमीला फ्रेमची उंची साडेतीन मीटरच्या थोडी वर. पूर्ण वाढीचा फलंदाज अर्धी उंची भरेल, शाळकरी मुलगा त्याहून कमी. थोडं कातरून फोटो छान निघतो.

घरामागच्या झाडावर १० मीटरवर बुलबुल बसला आहे. २५० मिमीला फ्रेम ९० सेंटिमीटर, पक्षी २०. पाव फ्रेमही भरत नाही. पण ५ मीटरवर गेलात, किंवा पाण्याचं भांडं ठेवून पक्ष्यालाच ५ मीटरवर बोलावलंत, तर तोच बुलबुल जवळजवळ अर्धी फ्रेम व्यापतो.

या भागाकारातून दोन गोष्टी कळतात, आणि त्या कळल्या की जाहिराती वेगळ्या दिसू लागतात. एक: १० मीटरवर ५५ मिमी चार मीटर रुंद भाग दाखवते आणि २५० मिमी नव्वद सेंटिमीटर. ही उडी प्रचंड आहे. दोन: २५० वरून ३०० वर गेल्यावर त्याच अंतरावर फरक पडतो फक्त पंधरा सेंटिमीटरचा. केवळ त्या ‘५० मिमी जास्त’साठी वाईट लेन्स घेऊ नका.

अंतराचा अंदाज येत नसेल तर क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यांसमोर आणा. यष्टींपासून यष्टींपर्यंत २०.१२ मीटर.

तपासून पाहा: तुमचे दोन-तीन नेहमीचे विषय, त्यांचं अंतर आणि त्यांचा आकार लिहा, भागाकार करा. विषयाने फ्रेमची किमान एकतृतीयांश रुंदी किंवा उंची भरली तर ती फोकल लेंथ पुरेशी समजा. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कातरला तरी ६ मेगापिक्सेल उरतात, आणि ए४ आकाराच्या छपाईला ते चालतात.

सावधान: उत्तर ५००-६०० मिमी आलं, म्हणजे विषय रानातले लहान पक्षी आहेत, तर स्वस्त ७०-३०० घेऊन मन रमवू नका. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्स सुमारे दोन किलोच्या आहेत आणि त्यांची किंमत नवशिक्याच्या बॉडीपेक्षा जास्त पडू शकते. अशा वेळी पैसे साठवणं किंवा सहलीपुरती लेन्स भाड्याने घेणं बरं. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात.

## टप्पा २: माउंट आणि मोटर

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारा सांधा, आणि मोटर म्हणजे आपोआप फोकस फिरवणारं यंत्र. लेन्स बॉडीवर बसणं आणि लेन्स चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इथे प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, म्हणून आपला भाग तेवढा नीट वाचा.

कॅनन डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे). इथे काम सोपं आहे. ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही प्रकारच्या लेन्स १५००डी, ३०००डी, २००डी वर बसतात आणि मोटर लेन्समध्येच असते. लेन्सवर पांढरा चौकोन असेल तर बॉडीवरच्या पांढऱ्या खुणेशी जुळवा, लाल ठिपका असेल तर लाल खुणेशी. आरएफ लेन्स मात्र डीएसएलआरवर बसत नाही, आणि त्यासाठी कोणताही अडॅप्टर उपयोगाचा नाही.

कॅनन मिररलेस (आरसा नसलेले कॅमेरे). आर५०, आर१००, आर१० यांवर आरएफ आणि आरएफ-एस लेन्स थेट बसतात. जुन्या ईएफ लेन्स ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात. अडॅप्टरची किंमत लेन्सच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

निकॉन डीएसएलआर. सर्वांत जास्त फसगत इथे होते. डी३xxx आणि डी५xxx मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर मोटर लेन्समध्ये आहे. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर ती लेन्स या बॉडींवर बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. जुनी निकॉन एएफ ७०-३०० एफ/४-५.६जी वापरलेल्या बाजारात फार स्वस्त मिळते, त्यामागचं एक कारण हेच आहे.

एएफ-पीची आणखी एक अट आहे. या लेन्सची मोटर नव्या प्रकारची असल्यामुळे डी३१००, डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर त्या फोकसच करत नाहीत. डी३३००, डी५३०० आणि डी५५०० यांना कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं. डी३४००, डी३५००, डी५६०० वर त्या थेट चालतात.

निकॉन मिररलेस. झेड माउंटच्या लेन्स थेट बसतात. एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी ऑटोफोकस करतात, जुन्या एएफ आणि एएफ-डी करत नाहीत.

सोनी. ई माउंट हवा. जुन्या ए माउंटच्या स्वस्त लेन्सच्या जाहिराती अजून दिसतात, त्यांत अडकू नका.

टॅमरॉन किंवा सिग्माची लेन्स घेताना ती ‘कॅननसाठी’ आहे की ‘निकॉनसाठी’ हे डब्यावर आणि लेन्सवर, दोन्हीकडे वाचा. निकॉनसाठी असेल तर आत मोटर आहे का तेही विचारा.

तपासून पाहा: लेन्सचं पूर्ण नाव, अक्षरन् अक्षर, लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तुमची बॉडी तिच्या सुसंगत यादीत आहे का ते बघा. विक्रेत्याचं ‘हो साहेब, चालेल’ हे उत्तर बहुतेक वेळा फक्त माउंटबद्दल असतं.

## टप्पा ३: स्थिरीकरण नसेल तर पुढे जाऊ नका

लांब फोकल लेंथला हाताचा कंपही मोठा होतो. जुना हिशेब असा: फोकल लेंथला कॅननवर १.६ ने, निकॉन-सोनीवर १.५ ने गुणा, आणि शटरचा वेग निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतका ठेवा. म्हणजे २५० मिमीला सेकंदाचा ४०० वा भाग. सकाळी सातला सावलीत हा वेग मिळवताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) भराभर वर चढतो.

लेन्समधलं स्थिरीकरण इथे मदत करतं. कॅननमध्ये त्याला आयएस म्हणतात, निकॉनमध्ये व्हीआर, सोनीत ओएसएस, टॅमरॉनमध्ये व्हीसी, सिग्मात ओएस. आर५०, आर१००, झेड५०, झेड३०, ए६४००, झेडव्ही-ई१० या बॉडींमध्ये सेन्सर हलवून होणारं स्थिरीकरण नाही. म्हणून ते लेन्समध्येच असायला हवं.

ज्यांच्यात हे नाही अशा दोन लेन्स नवशिक्यांच्या गळ्यात सर्रास पडतात. पहिली कॅनन ईएफ ७५-३०० एफ/४-५.६ III. ३०० मिमीला ती मऊ (किंचित धूसर) पडते, उजेडाच्या कडांवर जांभळट रेघ येते, आणि स्थिरीकरण नाहीच. कॅननने २०२५ मध्ये आरएफ माउंटसाठी आणलेल्या ७५-३०० मध्येही ते नाही. दुसरी निकॉन एएफ-पी डीएक्स ७०-३००, जी दोन रूपांत येते. एकीच्या नावाच्या शेवटी व्हीआर असतं, दुसरीच्या नसतं. दिसायला त्या सारख्याच आहेत. वापरलेल्या बाजारात फोटो बघून व्यवहार करणारे इथे हमखास चुकतात.

सावधान: स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, समोरचा विषय थांबवत नाही. धावतं मूल किंवा उडता पक्षी धरायचा तर शटरचा वेगच वाढवावा लागतो, सेकंदाचा १००० वा भाग किंवा त्याहून जलद.

## टप्पा ४: उजेड, आणि अपेक्षा आवरणं

स्वस्त टेलिफोटो झूमचं कमाल अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ किंवा एफ/६.३ असतं, काहींचं त्याहूनही लहान. व्यावसायिकांच्या एफ/२.८ लेन्सपेक्षा एफ/५.६ ला चौपट कमी उजेड मिळतो. उन्हातल्या मैदानावर फरक पडत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, मंगल कार्यालयात, नाट्यगृहात फार पडतो.

तुमचा मुख्य विषय रंगमंचावरचं मूल असेल तर माझं स्पष्ट मत असं की ही लेन्स घेऊ नका. ५० मिमी एफ/१.८ घ्या आणि पुढच्या रांगेत बसा. ती एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत घेते, आणि बहुधा स्वस्तही पडते.

## टप्पा ५: यादी दोन-तीन नावांवर आणा

आता नावं बघायची, आणि इथे फार वेळ घालवायची गरज नाही.

कॅनन डीएसएलआरसाठी ईएफ-एस ५५-२५० एफ/४-५.६ आयएस एसटीएम ही माझी पहिली पसंती. वजन ३७५ ग्रॅम, फोकस जलद आणि शांत, पुढची काच फोकस करताना फिरत नाही, ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, त्यामुळे फुलपाखरंही टिपता येतात. तिची जुनी बहीण, आयएस II, फोकसला हळू आणि आवाज करणारी, पण स्थिरीकरण आहे. जोडसंचात (कॅमेरा आणि दोन लेन्स एकत्र) थोड्याच जास्त पैशांत मिळत असेल तर वाईट नाही.

निकॉन डीएसएलआरसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३जी ईडी व्हीआर. बॉडी जुनी असेल तर एएफ-एस डीएक्स ५५-२०० व्हीआर किंवा ५५-३०० व्हीआर.

मिररलेसमध्ये कॅनन आरएफ-एस ५५-२१० एफ/५-७.१ आयएस एसटीएम. थोडं जास्त बजेट असेल आणि पक्षी महत्त्वाचे असतील तर आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आयएस यूएसएम, जी ४०० मिमी असूनही ६३५ ग्रॅमची आहे. निकॉन झेडसाठी डीएक्स ५०-२५० व्हीआर. सोनीसाठी ई ५५-२१० ओएसएस. टॅमरॉनची सोनी आणि निकॉन झेडसाठीची ७०-३०० चांगली काच आहे, पण स्थिरीकरण नाही, त्यामुळे टप्पा ३ मध्ये ती गळते.

यादीत येऊ न द्यायच्या गोष्टी:

- ४२०-८०० मिमीच्या हाती फोकसच्या लेन्स. लांबच्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ/१६, ऑटोफोकस नाही, स्थिरीकरण नाही.
- फिल्टरच्या आट्यांवर बसणारे ‘२एक्स’ टेलिफोटो भिंग. त्याने चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही.
- १८-३०० किंवा १८-४०० ‘ऑल इन वन’. तुमच्याकडे १८-५५ आधीच आहे, त्याच टप्प्याचे पैसे पुन्हा का भरायचे?

आणि ‘किती एक्स झूम?’ हा प्रश्न सोडून द्या. मोठी फोकल लेंथ भागिले लहान, इतकाच त्याचा अर्थ. ५५-२५० साडेचार एक्स आहे आणि १५०-६०० फक्त चार एक्स.

## टप्पा ६: नवी की वापरलेली?

या किमतीच्या गटात वापरलेली लेन्स बऱ्याचदा शहाणपणाची ठरते, कारण पुष्कळ लोक जोडसंचातली टेलिफोटो वापरतच नाहीत. पण आपल्याकडे, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत, बुरशी हा खरा शत्रू आहे. भेटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तपासणीचा क्रम असा:

१. दोन्ही झाकणं काढा. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे किंवा दुधी थर दिसला की व्यवहार संपला. थोडी धूळ चालते.

२. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच अडली किंवा खरखरली तर लेन्स आपटलेली असू शकते. फिल्टरच्या आट्या वाकलेल्या आहेत का तेही बघा.

३. मागचे सोनेरी संपर्कबिंदू स्वच्छ आणि सलग हवेत. स्वस्त लेन्सचा माउंट प्लास्टिकचा असतो, त्याच्या कडा तुटलेल्या नसाव्यात.

४. आपल्या बॉडीवर लावा. सर्वांत लहान आणि सर्वांत लांब, दोन्ही टोकांना जवळ-दूर-जवळ असा फोकस करा.

५. लांबच्या टोकाला शटर अर्धं दाबून धरा. स्थिरीकरण चालू असेल तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र क्षणात स्थिर झाल्यासारखं दिसतं.

नवी घेत असाल तर जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. ‘इम्पोर्टेड पीस’ स्वस्त असतो, पण दुरुस्तीची वेळ आली की इथल्या अधिकृत केंद्रात वॉरंटी लागू न होण्याची शक्यता असते. ऑनलाइन मागवली तर पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, आणि डब्यावरचा व लेन्सवरचा अनुक्रमांक त्यात स्पष्ट येऊ द्या.

## टप्पा ७: दुकानातली दहा मिनिटं

चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडची एखादी अक्षरांची पाटी निवडा. सर्वांत लांब टोक, सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर, सेकंदाचा ५०० वा भाग ठेवून पाच फोटो काढा. मग एफ/८ ला पाच. मग स्थिरीकरण चालू ठेवून सेकंदाच्या ६० व्या भागाला पाच.

पडद्यावर पूर्ण मोठे करून बघा. एफ/८ ला अक्षरं आणखी कोरीव झाली तर ते स्वाभाविक आहे. डावी बाजू तीक्ष्ण आणि उजवी धूसर दिसली तर पाटीसमोर सरळ उभं राहून पुन्हा काढा. तरीही तसंच राहिलं तर आतली काच सरकलेली आहे, दुसरा नग मागा. ६० व्या भागाच्या पाचांपैकी तीन तरी स्थिर यायला हवेत.

सावधान: ही चाचणी दुपारच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून करू नका. हवेच्या लाटांमुळे कोणतीही लेन्स धूसर दिसते.

## टप्पा ८: परत करण्याची मुदत संपण्याआधी

घरी आल्यावर लेन्स कपाटात ठेवू नका. खऱ्या विषयावर वापरा. शटर प्रायोरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा तो मोड), सेकंदाचा ५०० वा भाग (धावत्या-उडत्या विषयाला १००० वा), ऑटो आयएसओ, फोकसचा मधला एकच बिंदू. हलत्या विषयाला कॅननवर सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. ट्रायपॉडवर लावलीत तर स्थिरीकरण बंद करा. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स लेन्सवर त्याचं बटण नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूत मिळेल.

फोटो मऊ येत असतील तर लेन्सला दोष देण्याआधी तीन गोष्टी काढून बघा: स्वस्त यूव्ही फिल्टर, काचेवरचा बोटाचा ठसा आणि बंद खिडकीआडून फोटो काढण्याची सवय. लांब फोकल लेंथला या तिन्हींचा परिणाम किट लेन्सपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. संरक्षणासाठी फिल्टरऐवजी हूड लावा.

पावसाळ्यात लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत महिनोन् महिने राहू देऊ नका. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि शक्य असल्यास आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा.

शेवटची तपासणी मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी करा. टप्पा १ मध्ये लिहिलेला कागद काढा आणि त्या अंतरावरचे प्रत्यक्ष फोटो शेजारी ठेवून बघा. विषय अपेक्षेपेक्षा लहान येत असेल तर आधी तुम्ही खरोखर त्याच अंतरावर होता का ते पावलांनी मोजा. अंतर बरोबर असून फोटो सतत धूसर येत असतील, तर टप्पा ७ ची पाटीची चाचणी सकाळच्या उजेडात पुन्हा करा आणि ते फोटो घेऊनच दुकानात जा.